गेमनंतर एअरसॉफ्ट एईजीचं काय करायचं: आधी ताण उतरवा, मग साफसफाई

तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की एम४ टाईपची एईजी, म्हणजे बॅटरीवर चालून हवेने प्लास्टिकच्या गोळ्या मारणारी एअरसॉफ्टची इलेक्ट्रिक गन, घेऊन तीन गेम झाले, घरी आलात की मॅगझिन काढायचं आणि गन तशीच बॅगेत, ७.४ व्होल्टची लायपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरी, आत जोडलेलीच, आता पुढचे तीन-चार महिने खेळायला मिळणार नाही, कुणीतरी सांगितलं की बॅरलमध्ये सिलिकॉन स्प्रे मारून ठेव म्हणजे गंजणार नाही, आणि मागच्या गेमपासून गोळ्या कधी वर कधी डावीकडे जातायत. शेवटचं आधी सांगतो. तो स्प्रे मारून झाला असेल तर गोळ्या वाकड्या जायचं कारण बहुतेक तोच आहे. मारला नसेल तर मारू नका, कारण खाली येतंच.

मी या गन बरीच वर्षं वापरतोय, स्वतःच्याही आणि मित्रांच्या दुरुस्तीला येतात त्याही, आणि माझा अनुभव असा की मैदानावर पडून-आपटून खराब झालेल्या गन कमी येतात, कपाटात पडून खराब झालेल्या जास्त येतात. धनुष्य वापरून झालं की दोरी उतरवून ठेवतात ना, तसंच इथे आहे, फक्त एईजीमध्ये उतरवायच्या दोऱ्या चार आहेत. गिअरबॉक्समधली मोठी स्प्रिंग, हॉप-अपचं म्हणजे गोळीला फिरकी देणारं रबर, मॅगझिनची स्प्रिंग आणि बॅटरी. हे चारही ताणलेले, दाबलेले किंवा फुल भरलेले ठेवून महिनोन्‌महिने विसरलात की त्यातला एक तरी जातो. बाकी पुसापुशी वगैरे ठीक आहे, ती उशिरा केली तरी चालते.

पण त्याही आधी गन रिकामी करणं. हे घरी आल्यावर करायचं काम नाही, मैदानावरच, खेळायचा संरक्षक चष्मा डोळ्यावर असतानाच करायचं. नव्या माणसाला वाटतं मॅगझिन काढलं म्हणजे गन रिकामी झाली. नाही होत. एईजीमध्ये मॅगझिन काढल्यावर फीड ट्यूबमधल्या एक-दोन बीबी, म्हणजे त्या प्लास्टिकच्या गोळ्या, खाली सांडतात हे खरं, पण एक बीबी हॉपच्या रबरात अडकून बसलेली असू शकते आणि ट्रिगर दाबला की ती पूर्ण स्पीडने बाहेर येते. माझ्याकडून सुरुवातीच्या दिवसात हे झालंय, मॅगझिन टेबलावर, गन हातात, सेफ्टी ऑफ, सहज दाबलं आणि समोरच्या कपाटाच्या काचेला बारीक खड्डा. काच होती म्हणून हसण्यावारी गेलं. ०.२० ग्रॅमची बीबी सेकंदाला १०० मीटरने निघाली म्हणजे बरोबर १ जूल होतो, फूटात सेकंदाला ३२८, म्हणजे ३२८ एफपीएस, आणि बऱ्याच गन याच्या आसपास किंवा वर असतात. एवढं डोळ्याला फार झालं.

तर क्रम असा ठेवा. मॅगझिन काढा. गन थोडी हलवून खाली तोंड करून सैल बीबी पडू द्या. मग सिलेक्टर सेमीवर, म्हणजे एका दाबाला एकच शॉट, असा ठेवून, जमिनीकडे किंवा मैदानावर गन रिकामी करायची जी जागा ठरवलेली असते तिथे, चार-पाच शॉट मारा. पहिल्या-दुसऱ्याला बीबी निघेल, नंतर नुसता ठक-ठक आवाज. मग सेफ्टी, मग बॅटरीची वायर काढा, मग बॅरलच्या तोंडाला कव्हर. हा क्रम हाताला लागला पाहिजे, विचार करावा लागता कामा नये, कारण दिवसभर पळून दमलेला माणूस विचार करत नाही.

आता यातलं सेमी का, ऑटो, म्हणजे ट्रिगर दाबून धरला की सलग शॉट, का नाही, हे समजून घ्या कारण पहिली दोरी इथेच उतरते. मोटर गिअर फिरवते, सेक्टर गिअरचे दात पिस्टनला मागे ओढतात, स्प्रिंग दाबली जाते, दात संपले की पिस्टन सुटतो आणि हवा पुढे ढकलतो. ऑटोवर असताना तुम्ही ट्रिगर सोडला की गिअर चक्राच्या कुठल्याही ठिकाणी थांबतात, म्हणजे पिस्टन अर्धा मागे आणि स्प्रिंग अर्धी दाबलेली असं राहू शकतं, आणि अँटी-रिव्हर्सल लॅच नावाचा छोटा खटका गिअरला उलटं फिरू देत नाही म्हणून ती तशीच दाबलेली राहते. दोन दिवस राहिली तर काही होत नाही. तीन महिने राहिली तर स्प्रिंग हळूहळू बसते, आणि पिस्टनचे दात न् गिअरचे दात त्या सगळ्या ताणाखाली एकमेकांत रुतून असतात. सेमीवर कट-ऑफ लिव्हर एका चक्रानंतर सर्किट तोडतो, त्यामुळे पिस्टन पुढे येऊन थांबायची शक्यता खूप जास्त. म्हणून शेवटचे शॉट नेहमी सेमी.

खूप जास्त म्हटलं, शंभर टक्के नाही. जोरदार मोटर, ११.१ व्होल्टची बॅटरी आणि त्यामानाने हलकी स्प्रिंग असं कॉम्बिनेशन असेल तर सेमीवर पण गिअर थोडे पुढे घरंगळतात आणि पिस्टन पुन्हा अर्धा मागे ओढलेला राहतो. असं तुमच्या गनला होतंय का ते आवाजावरून कळतं, ट्रिगर दाबल्या-दाबल्या लगेच शॉट सुटतो, मधे मोटरचा घुर्र आवाज जवळपास येतच नाही. तसं असेल तर ठेवताना कमी व्होल्टची बॅटरी लावून शेवटचे शॉट मारा, ७.४ वर बहुतेक नीट थांबते. काही मॉडेलला स्प्रिंग मोकळी करायची वेगळी सोय असते, काही मॉसफेटमध्ये, म्हणजे मोटरचा करंट चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचमध्ये, पण तसं सेटिंग असतं, मॅन्युअल बघा. तुमची एम४ म्हणजे बहुतेक व्हर्जन २ गिअरबॉक्स असणार, त्यात ग्रिपमधली मोटर काढून खालून बारीक स्क्रू-ड्रायव्हरने तो लॅच सरकवता येतो, पण हे कुणीतरी एकदा समोर दाखवल्याशिवाय करू नका, स्प्रिंग सुटताना गिअर झटक्यात उलटे फिरतात. आणि रिकामी गन फार वेळ ठकठकवत बसू नका. बीबी असली की तिच्यामागे हवा थोडी दाबली जाते आणि पिस्टनला जरा उशीसारखी मिळते, नसली की तो सिलिंडर हेडवर तसाच आपटतो. व्हर्जन २ चा सांगाडा पुढच्या बाजूला, सिलिंडरच्या खिडकीपाशी, आधीच नाजूक असतो, तिथेच तडा जातो. चार-पाच शॉटने काही होत नाही, पोरांना आवाज ऐकवायला दोन मिनिटं ऑटोवर वाजवली की होतं.

दुसरी दोरी हॉप. बॅरलच्या वरच्या बाजूला खिडकी असते आणि तिथून रबराचा उंचवटा आत दाबला जातो, तो बीबीला उलटी फिरकी देतो म्हणून ती लांब तरंगत जाते. हॉप लावलेला ठेवलात तर तो रबर महिनोन्‌महिने एकाच आकारात दाबलेला राहतो आणि मग सोडला तरी पूर्ण परत येत नाही. डायल पूर्ण बंद करा. कितीवर होती ते आधी मोजून मोबाईलमध्ये लिहून ठेवा, अमुक वजनाच्या बीबीला अमुक क्लिक, नाहीतर पुढच्या गेमचा पहिला अर्धा तास तेच शोधण्यात जातो. आणि हे बॅरल साफ करायच्या आधी करायचं, नंतर नाही, कारण हॉप खाली दाबलेला असताना तुम्ही फडक्याचा रॉड आत घातला की तो थेट रबराला जाऊन धडकतो.

बॅरल. इथे लोक सगळ्यात जास्त घोळ घालतात म्हणून जरा सविस्तर. पहिली गोष्ट, ही खरी बंदूक नाही. आत दारू जळत नाही, काजळी धरत नाही, पितळेची किंवा स्टीलची किंवा अल्युमिनियमची गुळगुळीत नळी आहे आणि तिच्यात प्लास्टिकची गोळी हवेने जाते. त्यामुळे खऱ्या बंदुकीसाठी मिळणारे तारेचे ब्रश, सॉल्व्हंट, गन ऑइल, यातलं काहीही लागत नाही आणि बहुतेक नुकसानच करतं. बीबीचा व्यास ५.९५ मिमीच्या आसपास, बॅरल कंपनीतून आलेलं असेल तर साधारण ६.०८ मिमी, घट्ट वालं घेतलं असेल तर ६.०३ किंवा त्याहून कमी. म्हणजे बीबीच्या भोवती केसाएवढी जागा. त्यात धुळीचा कण किंवा तेलाचा थर आला की बीबी कुठेही जाते, यात नवल काही नाही.

गनबरोबर एक लांब प्लास्टिकचा रॉड मिळाला असेल, टोकाला सुईच्या नेढ्यासारखी फट असलेला. मिळतो आणि लोक तो हरवतात. त्या फटीत जुन्या बनियनची किंवा चष्मा पुसायच्या कापडाची पातळ पट्टी ओवा, टोकावरून दुमडून घ्या म्हणजे रॉडचं टोक उघडं राहणार नाही. धागे सुटणारं कापड नको. गनचं तोंड खाली करा, म्हणजे जे काही ओघळेल ते बाहेर ओघळेल, आत हॉपकडे नाही. मग पुढून रॉड घाला, हळूहळू फिरवत आत, फिरवत बाहेर. रॉडवर एक टेपची खूण करून ठेवा, हॉपच्या रबराच्या बोटभर अलीकडे थांबायचं म्हणजे. रबराची कड नोझलला, म्हणजे बीबीच्या मागून हवा सोडणाऱ्या छोट्या नळीला, घट्ट धरून हवा अडवत असते, त्या कडेला फडकं अडकून ती उलटी झाली किंवा फाटली की मग पॉवर अर्धी. पट्टी बदलत राहा, काळी यायची थांबली की झालं. माझी सवय अशी की गेमनंतर नुसत्या कोरड्या दोन पट्ट्या, आणि अधूनमधून, दोन-तीन हजार शॉट झाले की, पट्टीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब, पण तेव्हा बॅरल बाहेर काढून, रबर बाजूला करून. शेवटची पट्टी कायम कोरडी.

त्याच रॉडवर मी दुसरी एक खूण ठेवलीय, फडकं न लावता रिकाम्या गनमध्ये हॉप बंद करून रॉड अलगद पुढून सोडला की जिथे नोझलला टेकतो तिथली. नंतर कधीही गन हातात घेतली की नुसता रॉड सोडून बघायचा, खूण बॅरलच्या तोंडाशी जुळली तर आत काही नाही, साधारण सहा मिमी वर राहिली तर आत बीबी बसलीय. ट्रिगर न दाबता, बॅटरी न लावता कळतं. घरात लहान मुलं असतील तर ही सवय फार कामाची.

आता तो स्प्रे. सिलिकॉन ऑइल रबराला मारत नाही म्हणून एअरसॉफ्टमध्ये तेच वापरतात, इथवर बरोबर आहे. पण ते वापरतात गॅसच्या गनमध्ये, तिथे व्हॉल्व्हच्या रबरी रिंगा असतात. एईजीच्या हॉपवर तेल गेलं की रबराची पकड जाते, आणि त्या रबराचं काम पकडणं हेच आहे. एका बीबीला फिरकी मिळते, पुढचीला अर्धी, तिसरीला नाहीच. तुम्ही सांगताय तसंच, कधी वर, कधी डावीकडे. थोडंसं गेलं असेल तर तीस-पन्नास शॉटमध्ये निघून जातं. नळी आत खुपसून भरपूर मारलं असेल तर बॅरल काढून रबर साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, मग बसवा. आणि ते तेल आणखी आत गेलं असेल तर सिलिंडरमधलं ग्रीस पातळ होऊन तेच पुन्हा नोझलमधून पुढे येत राहणार, हे एक दुष्टचक्र आहे. डब्ल्यूडी-४० तर अजिबात नको, कुठल्याही रबराजवळ नको. पेट्रोलियमवालं आहे, रबर फुगतं, नरम पडतं, आणि गिअरवरचं ग्रीस धुवून काढतं. घरात प्रत्येक कुरकुरणाऱ्या गोष्टीला तेच मारायची सवय असते म्हणून मुद्दाम सांगतोय.

तिसरी दोरी मॅगझिन, थोडक्यात. सगळ्या बीबी काढून टाका. मिडकॅप, म्हणजे नुसत्या स्प्रिंगवर चालणारं, असेल तर बीबी काढल्या की स्प्रिंग मोकळी झालीच. हायकॅप म्हणजे खाली चाक फिरवून चावी भरायचं असेल तर चावी पण उतरवा, बहुतेकांना चाकाच्या बाजूला एक छोटा खटका असतो, तो दाबला की सर्रकन सुटते. सापडला नाही तर बीबी नसताना वरचं अडवणारं टोक दाबून सोडून द्या. जमिनीवर पडलेल्या बीबी वेचून परत भरू नका, मी बघितलेत असं करणारे, एका बीबीवरचा मातीचा कण बॅरलभर रेघ ओढतो. बायो, म्हणजे मातीत कुजणाऱ्या, बीबी असतील तर त्या ओलावा धरतात आणि फुगतात, पाकीट फोडलेलं असेल तर हवाबंद डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा, आणि तरी पुढच्या सीझनला वापरायच्या आधी दोन-चार हातात घेऊन बघा. अडकलेली बीबी काढणं हे बीबी विकत घेण्यापेक्षा महाग काम आहे.

बाहेरून साफसफाईला फार डोकं लावायची गरज नाही. जुना टूथब्रश, कोरडं फडकं, रेल्समधली माती, ट्रिगरच्या आजूबाजूची धूळ. स्टीलचे भाग, म्हणजे स्क्रू, पिना, स्लिंगची कडी, यांच्यावर घाम लागून गंज येतो, घामातलं मीठ वाईट, म्हणून फडक्यावर तेलाचा एक थेंब घेऊन त्यांच्यावरून फिरवा आणि पुसून टाका, हात लावला तर चिकट लागता कामा नये. अल्युमिनियमला आणि त्या जड स्वस्त मिश्रधातूला तांबडा गंज चढत नाही, फार तर पांढरट भुकटी येते. हे करताना सगळे स्क्रू एकदा हाताने चाचपून बघा, मोटरच्या थरथरीने सैल होतात. सैल असेल तर निळा थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू सैल न होऊ देणारा गोंद, एक थेंब. लाल नको, लाल लावला की पुढच्या वेळी स्क्रू उघडायला गरम करावा लागतो आणि प्लास्टिकच्या गनला गरम करणं म्हणजे काय ते तुम्हीच बघा.

पावसात भिजली असेल तर मात्र वरचं सगळं थांबवा. बॅटरी लगेच काढा, मॅगझिन काढा, पुढचा-मागचा भाग वेगळा होत असेल तर करा, ग्रिपच्या खालची प्लेट काढून मोटरला हवा लागू द्या आणि पंख्याखाली किमान एक दिवस ठेवा. हेअर ड्रायरने गरम हवा मारू नका. आणि पूर्ण वाळल्याशिवाय बॅगेत घालून चेन लावू नका. फोमवाल्या केसमध्ये तर मुळीच नको, फोम पाणी धरून ठेवतो आणि आठवड्याने उघडलं की पिना तांबड्या. ट्रिगरचे काँटॅक्ट हिरवट पडले की गन कधी चालते कधी नाही असं सुरू होतं, आणि ते शोधताना गिअरबॉक्स उघडावा लागतो.

गिअरबॉक्स उघडण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीये पण विचाराल म्हणून सांगून ठेवतो. प्रत्येक गेमनंतर उघडून ग्रीस लावायचं काही कारण नाही. १९९१ मध्ये तोक्यो मारुई या जपानी कंपनीने पहिली एईजी, फामास रायफलच्या रूपातली, आणली तेव्हापासून मूळ रचना तीच चालत आलीय, ते यंत्र बंद राहून हजारो शॉट मारण्यासाठीच केलंय. आवाज बदलला, नवीन कर्कश किंचाळी आली, एफपीएस घसरला, तेव्हा उघडायचं. उघडाल तेव्हा डोळ्यावर चष्मा, कारण स्प्रिंग आतूनच गाईडसकट उडते आणि ती बीबीपेक्षा बरीच मोठी असते.

चौथी दोरी बॅटरी, आणि स्वतःहून पेट घेऊ शकते अशी या सगळ्यातली ही एकच वस्तू आहे, म्हणून हिला थोडा वेळ द्या.

तुमची ७.४ व्होल्टची लायपो म्हणजे दोन सेल, प्रत्येकी ३.७. फुल चार्ज ४.२, म्हणजे पॅक ८.४. खाली ३.० च्या खाली गेली की सेल कायमचा दुखावतो, आणि पुष्कळदा चार्जर ती घेतच नाही. गनमध्ये बॅटरी जोडून ठेवली की दोन गोष्टी होतात. मॉसफेट असेल तर तो बंद असतानाही किंचित करंट खात राहतो, एका दिवसात कळत नाही, दोन-तीन महिन्यात बॅटरी शून्यावर. मी एक चांगली बॅटरी अशी घालवलीय, चार महिन्यांनी काढली तेव्हा उशीसारखी फुगलेली, आणि स्टॉकच्या, म्हणजे गनच्या खांद्याला टेकायच्या मागच्या भागाच्या, नळीत इतकी घट्ट अडकली होती की ओढायची पण भीती. दुसरं म्हणजे बॅटरी जोडलेली गन ही ट्रिगर दाबला की चालणारी गन आहे. सेफ्टीवर भरवसा ठेवून कपाटात ठेवू नका, सेफ्टी ही एक छोटी पट्टी आहे.

काढून ठेवायची हे झालं. कितीवर ठेवायची, तर फुलही नाही, रिकामीही नाही. लायपोला सेलमागे ३.८ ते ३.८५ व्होल्ट बरे, म्हणजे तुमच्या पॅकला ७.६ ते ७.७. बॅलन्स चार्जरवर, म्हणजे सगळे सेल सारखे भरणाऱ्या चार्जरवर, स्टोरेज नावाचा मोड असतो, तो लावला की फुल असेल तर खाली आणतो, कमी असेल तर वर नेतो. गेमसाठी चार बॅटऱ्या फुल करून नेल्या आणि दोनच वापरल्या, तर उरलेल्या दोन पण घरी आल्यावर एक-दोन दिवसात स्टोरेजवर आणा, फुल ठेवलेली लायपो नुसती पडून म्हातारी होते आणि फुगते. चार्जर साधा वॉल-प्लगवाला असेल ज्याला फक्त लाल-हिरवा दिवा आहे, तर त्याला निवृत्त करा आणि बॅलन्सवाला घ्या, गनला दुसरं काहीही घ्यायच्या आधी. गनवर लावायची दुर्बीण नंतर. एक छोटा व्होल्ट मीटर पण मिळतो जो बॅलन्स वायरला लागतो, गेममध्ये अधूनमधून लावून बघायचा, सेल ३.५ च्या आसपास आला की बॅटरी बदला, गन हळू पडायची वाट बघू नका.

चार्ज करताना १सी पेक्षा जास्त करंट नको, म्हणजे १२०० एमएएचची असेल तर १.२ अँपिअर. गरम बॅटरी लगेच चार्जला लावू नका, थंड होऊ द्या. फरशीवर किंवा लोखंडी पत्र्यावर, आग अडवणाऱ्या लायपो बॅगेत, पडद्यापासून लांब, आणि तुम्ही जागे आणि घरात असताना. रात्री लावून झोपणं हा प्रकार बंद. बाजूला वाळूची बादली असेल तर उत्तम. धूर यायला लागला तर चार्जरची पिन काढता आली तर काढा, धूर नाकात न घेता लांब व्हा, बॅटरी हातात घेऊन पळू नका. साठवताना लोखंडी डबा चालतो पण हवाबंद नको, झाकणाचं रबर काढून टाका, आत गॅस कोंडला तर डबाच फुटेल. गाडीच्या डिकीत उन्हात विसरू नका. आणि दोन्ही टर्मिनल उघडे असतील तर टोपी किंवा टेप.

फुगलेली बॅटरी म्हणजे संपलेली बॅटरी. थोडीशीच फुगलीय, अजून चालते, हे मला खूपदा ऐकायला मिळतं. चालते हो, पण स्टॉकच्या नळीत तिला दाबून बसवताना काय होईल ते सांगता येत नाही. टोचू नका, दाबू नका, कचऱ्याच्या डब्यात नका टाकू, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या आणि सांगून द्या की फुगलेली लायपो आहे.

तुमच्याकडे जुनी निकेलवाली, म्हणजे ८.४ किंवा ९.६ व्होल्टची एनआयएमएच (NiMH) असेल तर ती जास्त सोशिक आहे, पण ती स्वतःहून उतरत जाते, म्हणून अर्धवट चार्ज करून ठेवा आणि दोन-तीन महिन्यातून एकदा चार्ज देत जा. तिला लायपोच्या मोडवर चार्ज करू नका आणि लायपोला तिच्या मोडवर तर कधीच नाही, चार्जर सुरू करायच्या आधी स्क्रीनवर काय लिहिलंय ते दोनदा वाचा. कनेक्टर सारखाच असतो म्हणून ही चूक होते.

ठेवायची कुठे. कोरडी, सावलीतली, कुलूपवाली जागा. गन एकीकडे, बॅटरी दुसरीकडे, दोन्ही कुलपात. मोठी माणसं म्हणतात आमची पोरं शहाणी आहेत, माझा भाचा पण शहाणाच आहे आणि त्याने माझी गन उचलून पहिलं काम काय केलं, तर नळीत डोळा लावून आत बघितलं. रिकामी होती, बॅटरी नव्हती, तरी माझ्या पोटात गोळा आला. तेव्हापासून कुलूप. बॅगेत आडवी ठेवा किंवा स्टॉकवर उभी, वर काही जड रचू नका, ट्रिगरवर फोम किंवा पट्टा दाबत नाही ना बघा, एक-दोन सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या महिन्याने बदला. तोंडाचं कव्हर लावलेलं राहू द्या, धूळ आणि कोळी दोन्ही आत जात नाहीत, कोळी म्हणजे थट्टा नाही, मी जाळं काढलंय.

आणि साफसफाई खिडकीत किंवा गॅलरीत बसून करू नका. लांबून बघणाऱ्याला ती खेळण्यातली वाटत नाही, खरी वाटते, आणि त्याने फोन केला तर येणाऱ्या माणसालाही ती खरीच वाटणार. नेताना-आणताना पण बंद बॅगेत, बॅटरी काढलेली. खरी बंदूक नाही हे कळावं म्हणून लावायचं केशरी टोक, किती जूलपर्यंत चालते, बाहेर नेण्याचे नियम, हे देशादेशात वेगळे आहेत, जपानमध्ये मर्यादा ०.९८ जूलच्या आसपास आहे तर ब्रिटनमध्ये ऑटोला १.३ आणि एकेक शॉटवालीला २.५, म्हणून तुमच्या इथला नियम तुम्हीच बघून घ्या, आणि केशरी टोक लागत असेल तर साफ करताना काढून ठेवलेलं परत लावा.

मधल्या तीन-चार महिन्यात करायचं काम एवढंच, महिन्यातून एकदा बॅटरीचे व्होल्ट बघा. ३.७ च्या खाली सरकली तर पुन्हा स्टोरेजवर घ्या. गनला हात लावायची गरज नाही, काढून काढून वाजवू नका.

परत खेळायच्या आदल्या दिवशी बॅटरी फुल करा, बॅरलमधून एक कोरडी पट्टी फिरवा, चष्मा लावून सेमीवर दहा-बारा शॉट ऐका. मग लिहून ठेवलेल्या क्लिकवर हॉप लावा आणि पहिले तीस-चाळीस शॉट वाकडे गेले तर लगेच डायल पिळत बसू नका, रबर जागेवर येऊ द्या. गन ठेवण्याआधीचा क्रोनोवरचा, म्हणजे बीबीचा वेग मोजायच्या यंत्रावरचा, आकडा लिहिलेला असेल तर तीच बीबी तोच हॉप ठेवून आत्ताचा बघा. थोडा कमी-जास्त चालतो. बराच पडला असेल, किंवा एका शॉटला एक आकडा आणि पुढच्याला भलताच असं होत असेल, तर हवा कुठेतरी गळतेय, आणि ती बहुतेक रबराची ती कडच असते. नवीन रबर बसवणं अर्ध्या तासाचं काम आहे, आणि तुमच्या बाबतीत स्प्रेचं प्रकरण झालं असेल तर मी धुण्यापेक्षा सरळ बदलूनच टाकेन. बदलल्यावरही गोळ्या डावीकडेच जात असतील तर रबर बॅरलच्या खाचेत तिरपं बसलंय, काढून परत सरळ बसवा. तरी फरक पडला नाही तर मॉडेल कोणतं, बीबी किती ग्रॅमच्या आणि क्रोनोचे पाच-सहा आकडे ओळीने सांगा, मग नोझलकडे बघायचं का पिस्टनकडे ते ठरवू.